मिस्सा संपल्यावर



ज्या पवित्र बलिदानास आपण ‘मिस्सा’ म्हणतो, त्यास हे नाव त्याच्या आरंभावरून मिळालेले नाही आणि मध्यावरूनही नाही. उपासना लॅटिन भाषेत चालत असे तेव्हा अगदी अखेरीस भाविकांस जो निरोप दिला जाई, त्या निरोपातील हा शब्द होय. त्याचा जुना अर्थ ‘रजा देणे’ एवढाच होता. पुढे ख्रिस्ती कानांस त्यात ‘पाठवणी’ हा अर्थ ऐकू येऊ लागला. २००८ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी निरोपाच्या जुन्या शब्दांच्या जोडीस काही नवीन पर्याय दिले. त्यांचा आशय असा की, भाविकांनी जावे ते प्रभूची सुवार्ता सांगण्यासाठी, आणि आपल्या जीवनाने त्याचा गौरव करण्यासाठी जावे. म्हणजे आपण ज्यास शेवट समजतो, ती ख्रिस्तसभेच्या दृष्टीने कामाची सुरुवात आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, अलीकडे धर्मग्रामाच्या नवजीवनाविषयी बरीच चर्चा चालू असते. ती अवश्य व्हावी. परंतु चर्चेस बसलो म्हणजे आपले लक्ष बहुधा देवळाच्या भिंतींच्या आतच फिरते. छप्पर दुरुस्त करावे, गायकवृंदास नवीन पेटी घ्यावी, ध्वनिक्षेपक बदलावा, सणाच्या दिवशी मंडप मोठा घालावा, तरुणांची संख्या वाढावी. यांतील एकही गोष्ट त्याज्य नाही. प्रभूचे घर नीटनेटके असावे आणि स्तोत्रे सुरात गायली जावीत, असे कोणास वाटणार नाही? परंतु एवढ्याने धर्मग्रामास नवजीवन मिळत असते, तर ज्या देवळांचा जीर्णोद्धार झाला त्या सर्वांचे भाविक एव्हाना संतपदास पोहोचले असते. खरी कसोटी दुसरीच आहे. मिस्सा संपल्यावर देवळाच्या दारातून बाहेर काय जाते, हे पाहिले पाहिजे.

हा विचार नवीन नाही. करिंथ येथील मंडळी प्रभूभोजनास जमत. पण श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवत आणि मोलमजुरी करणारा मागाहून आला म्हणजे उपाशी राही. संत पौल त्यांस स्पष्ट लिहितात की, तुम्ही जे करता ते प्रभूभोजन नव्हेच. त्यांच्या प्रार्थनांत चूक होती किंवा गायन बेसूर होते, अशी तक्रार संत पौल करीत नाहीत. शेजारी उपाशी राहिला, एवढ्याने उपासनाच खोटी ठरली, असा त्यांचा निवाडा आहे. पुढे इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन यांनी रोमच्या बादशहास ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून पाठविले. त्यात शास्त्रवाचन आहे, प्रवचन आहे, भाकर व द्राक्षारस यांवरील उपकारस्तुती आहे. पण वर्णन तेथे थांबत नाही. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी दीक्षित सेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. ज्यांस ऐपत आहे ते स्वेच्छेने देतात आणि त्या ठेवीतून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान आणि परगावाहून आलेले परके यांची तजवीज होते, असे ते सांगतात. संत जस्टिन यांच्या लेखी हे सर्व एकाच उपासनेचे भाग आहेत. उपासना, सेवा आणि सुवार्ता अशी तीन निराळी खाती करून त्यांवर तीन निराळ्या समित्या नेमण्याची कल्पना त्या काळच्या ख्रिस्ती माणसास सुचलीच नसती.

आता आमच्या भोपाळकडे वळतो. मराठी वाचकांस हे शहर अगदीच परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातील कित्येक मराठी कुटुंबे कचेरीच्या दप्तरांबरोबर येथे आली. १९६३ साली भोपाळचा महाधर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा त्याचे पहिले महागुरुस्वामी युजीन डिसोझा हेही नागपूरहूनच आले. त्यापूर्वीही येथे ख्रिस्ती वस्ती होती. नवाब बेगमांच्या राज्यात बूर्बों हे कॅथलिक घराणे दरबारी मानाने नांदले, आणि जहांगीराबादेतील आसिसीकर संत फ्रान्सिस यांच्या नावाच्या देवळाचा इतिहास त्या घराण्याशी जोडलेला आहे. मुसलमान राज्यकर्ती, ख्रिस्ती सरदार आणि बहुसंख्य हिंदू प्रजा अशा त्या शहरात ख्रिस्ती माणसास शेजाऱ्याशी फटकून वागून चालण्यासारखे नव्हते. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि केरळ, तामिळनाडू, गोवा, मंगळूर, छोटा नागपूर अशा सर्व दिशांनी ख्रिस्ती कुटुंबे येथे आली. त्यामुळे आमचा धर्मग्राम म्हणजे एक छोटा हिंदुस्थानच आहे. घरी नाना भाषा बोलणारे लोक वेदीपुढे हिंदीत प्रार्थना करतात.

महाधर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीची आपली घटना प्रसिद्ध केली. लोकभाषेस वेदीजवळ जागा मिळाली ती तेव्हापासून. उपासना हे ख्रिस्तसभेच्या सर्व कार्याचे शिखर आणि तिच्या सामर्थ्याचा झरा आहे, असे महासभेने सांगितले. शिखर म्हटले म्हणजे तेथवर चढून जावे लागते. झरा म्हटला म्हणजे त्याचे पाणी खाली शेतात उतरावे लागते. आपण पुष्कळदा शिखर लक्षात ठेवतो आणि झरा विसरतो.

लोकभाषेचे महत्त्व मराठी ख्रिस्ती माणसास निराळे सांगावयास नको. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आपल्या विभक्त बंधूंपैकी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ताच्या चरणी वाहिले आणि १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांसही त्यात स्थान होते. या दोघांनी भाषा सोपी केली, एवढेच त्यांचे काम मानणे बरोबर नाही. जो माणूस देवळाच्या बाहेर उभा आहे, त्याचा विचार करून त्यांनी प्रार्थनेचे शब्द निवडले. आपण मात्र भाषा बदलली आणि प्रार्थनेचा विषय तोच ठेवला. विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण जगातील शांतीसाठी प्रार्थना करतो, राज्यकर्त्यांसाठी करतो, रोग्यांसाठी करतो. पण देवळामागच्या गल्लीत कोण आजारी आहे, याची चौकशी करून प्रार्थनेस उभे राहणारे किती?

भोपाळात हा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे कारण सर्वांस ठाऊक आहे. तथापि एक तपशील बहुतेकांच्या ध्यानात नसेल. २ डिसेंबर १९८४ हा दिवस रविवार होता, आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. त्या वर्षीच्या वाचनक्रमाप्रमाणे शुभवर्तमान होते संत मार्ककृत, तेराव्या अध्यायातील: घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल की पहाटे येईल हे चाकरांस ठाऊक नाही, म्हणून त्यांनी झोपी जाऊ नये, असा त्याचा बोध. त्याच रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, चोला, रेल्वे स्थानकाचा परिसर, अशा गरिबांच्या वस्त्यांवर त्याचा पहिला घाला पडला. मृतांचा पहिला सरकारी आकडा २,२५९ होता. नुकसानभरपाईच्या कामी पुढे ५ हजारांहून अधिक मृत्यू मान्य झाले, आणि इजा झालेल्यांची संख्या ५ लाखांच्या वर गेली.

त्या रात्री कोण जागे राहिले? रेल्वे स्थानकावरील उपअधीक्षक गुलाम दस्तगीर आपली जागा सोडून गेले नाहीत. उभी असलेली गाडी त्यांनी तातडीने पुढे रवाना केली, येणाऱ्या गाड्या थांबवाव्यात म्हणून निरोप पाठविले आणि शेकडो प्रवाशांचे प्राण वाचविले. त्यांच्या स्वतःच्या प्रकृतीवर त्या वायूचा परिणाम जन्मभर राहिला. हमीदिया रुग्णालयातील डॉक्टर व विद्यार्थी रात्रंदिवस राबले. काही दिवसांतच संत मदर तेरेसा आपल्या भगिनींसह येथे आल्या. शोमरोनी माणसाचा दृष्टान्त आपण दरवर्षी ऐकतो. त्यातील मर्म हेच की, शेजारधर्म पाळणारा बहुधा आपल्या कळपाबाहेरचा निघतो आणि आपल्यास लाजवितो. जो धर्मग्राम असा धडा शेजाऱ्याकडून घेण्यास तयार असतो, त्याच्या नवजीवनास आरंभ झाला असे समजावे.

या गोष्टीस आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा १२ बंद डब्यांतून पीथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत तो जाळण्यात आला. पुष्कळांस वाटले की आता प्रकरण संपले. पण जमिनीत व भूजलात जे मुरले, ते त्या डब्यांतून गेलेले नाही. कारखान्याभोवतालच्या वस्त्यांतील विहिरी आणि हातपंप वर्षानुवर्षे दूषित पाणी देत आले. दम्याने आणि अंधुक दृष्टीने ग्रासलेले वृद्ध अजून आहेत. आणि त्या रात्री जे जन्मलेही नव्हते, त्यांच्याही घरांत आजार आहेत. प्रभूच्या देवळात आपण मेणबत्ती लावून त्या रात्रीचे स्मरण करतो, हे योग्यच आहे. मात्र स्मरणाचा दिवस ३ डिसेंबर आणि आजारपणाचे दिवस वर्षाचे तीनशे पासष्ट, हा हिशेब विसरता कामा नये.

कोणी विचारील की, पाणी आणि कागदपत्रे हा का धर्मगुरूचा विषय आहे? वसईच्या वाचकांस याचे उत्तर ठाऊक आहे. १९८८ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी यांनी हरित वसई संरक्षण समिती स्थापन केली, ती वसईची शेते, झाडे आणि पाणी राखण्यासाठी. त्या चळवळीत ख्रिस्ती व हिंदू खांद्यास खांदा लावून उभे राहिले. त्याच फादर दिब्रिटोंनी पुढे ‘सुबोध बायबल’ लिहिले आणि २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. पाण्यासाठी रस्त्यावर उतरणारा माणूस आणि देवाचा शब्द मराठीत आणणारा माणूस हे दोन नव्हते. ज्या पाण्याने आपण बाप्तिस्मा देतो, ते शेजाऱ्याच्या घागरीत कसे येते, याविषयी ख्रिस्ती माणसाने उदासीन का असावे?

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. पुष्कळ सज्जन भाविक म्हणतात, “फादर, आपण मूठभर. दिवस असे आहेत की चांगले करावयास जावे तर हेतूविषयी संशय घेतला जातो. त्यापेक्षा आपले देऊळ बरे आणि आपण बरे.” ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात एक तर सोडाच, अर्धाही नाही, ते ०.२९ टक्के आहे. १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीचा मिशन कार्यावरील अहवाल १९५६ साली निघाला, १९६८ साली धर्मांतराविषयी कायदा झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. या राज्यात मिशन कार्याकडे सावध नजरेने पाहण्याची परंपरा जुनी आहे.

परंतु आपली स्वतःची शिकवण काय आहे, ते आधी पाहू. १९६५ च्या डिसेंबरात, म्हणजे राज्याच्या पहिल्या कायद्याच्याही आधी, व्हॅटिकन महासभेने मिशन कार्याविषयीच्या आदेशपत्रात बजावले की, कोणासही बळाने किंवा अनुचित आमिषाने श्रद्धेकडे ओढणे ख्रिस्तसभेस निषिद्ध आहे. आणि छळ करून कोणास श्रद्धेपासून दूर करणेही तितकेच अन्यायाचे आहे. म्हणजे औषधाच्या पुडीस अट बांधणे हे कायद्याने गुन्हा ठरण्याआधीच आपल्या धर्मनीतीने पाप आहे. प्रेम विकत देता येत नाही आणि विकत घेताही येत नाही. आपण निरपेक्ष सेवा करावी, आणि कोणी विचारले की हे कशासाठी करता, तर न लाजता ख्रिस्ताचे नाव सांगावे. यात लपविण्यासारखे काही नाही आणि भिण्यासारखेही नाही. ज्याचा हेतू स्वच्छ आहे त्याने संशयास उत्तर द्यावयाचे ते वर्षानुवर्षांच्या वागणुकीने.

असे उत्तर कसे दिले जाते, ते आपल्याच राज्यात घडले आहे. केरळात जन्मलेल्या भगिनी राणी मारिया देवास जिल्ह्यातील उदयनगर येथे आदिवासी व भूमिहीन शेतकऱ्यांत काम करीत. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी बँकेचे कर्ज कसे मिळवावे, सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा, एकत्र कसे राहावे, हे त्या शिकवीत. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी मारेकरी घातला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या प्रवासी गाडीत, सहप्रवाशांच्या देखत, समंदरसिंह याने त्यांना भोसकून ठार केले. कोणीही मध्ये पडले नाही. त्यास जन्मठेप झाली. पुढे ऑगस्ट २००२ मध्ये राणी मारियांच्या धाकट्या बहीण, त्याच संघातील भगिनी सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी मारेकऱ्याच्या हातास राखी बांधली. घरच्या मंडळींनी त्याच्या सुटकेसाठी संमती दिली, आणि २००६ साली तो सुटला. सुटल्यावर तो केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांस भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांस धन्य घोषित करण्यात आले.

या घटनेतील राखीकडे लक्ष द्या. ती कोणत्याही उपासनाग्रंथात सांगितलेली नाही. पण क्षमेचा जो संस्कार आपण वेदीजवळ शिकतो, तो तुरुंगाच्या कोठडीत पोहोचला तेव्हा त्याने या देशातील बहीणभावाचे रूप घेतले आणि ते समजावून सांगण्यास दुभाष्या लागला नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्षमा केली म्हणून अन्यायास न्याय म्हटले गेले नाही. खटला चालला, शिक्षा झाली, गरिबांचे काम पुढे चालू राहिले. भोपाळच्या वायुपीडितांस क्षमेचा उपदेश करणाऱ्याने, त्यांच्या न्यायाची मागणी तितक्याच आस्थेने उचलून धरल्याखेरीज तोंड उघडू नये, असे मला वाटते.

तर मग आपण करावे काय? चार गोष्टी सुचवितो. कोणत्याही धर्मग्रामास त्या झेपतील, मग तो भोपाळात असो की वसईत, नागपुरात असो की अहिल्यानगर जिल्ह्यात.

पहिली गोष्ट, रविवारच्या अर्पणातील एक ठरावीक वाटा, कितीही लहान असो, धर्मग्रामाच्या हद्दीतील गरजूंसाठी राखावा. त्यात धर्म, जात, भाषा विचारू नये आणि त्याचा हिशेब देवळाच्या फलकावर सर्वांस दिसेल असा लावावा.

दुसरी, मिस्सा संपताच वेदीवरूनच ख्रिस्तप्रसाद घेऊन रोग्यांकडे जावे. ख्रिस्तप्रसादाच्या सेवेस नेमलेल्या भाविकाबरोबर एखाद्या तरुणास धाडावे, आणि परतताना त्या रोग्याच्या शेजारच्या दारावरही, तेथे कोणत्या देवाची तसबीर टांगली आहे याचा विचार न करता, “काकू, बरे आहे ना?” एवढे विचारून यावे. ख्रिस्तप्रसाद अर्थातच विश्वासूंसाठी आहे. विचारपूस मात्र सर्वांसाठी आहे.

तिसरी, वाड्यावाड्यांतील छोटे ख्रिस्ती समूह जपमाळेस जमतात, त्यांनी शेवटी दहा मिनिटे एकाच प्रश्नास द्यावीत: या आठवड्यात आपल्या गल्लीत कोण अडचणीत आहे? जे कळेल ते रविवारच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत यावे. कोणाचे खाजगी दुःख चव्हाट्यावर आणू नये. परंतु गल्लीचे नाव, पाण्याचा प्रश्न, बंद पडलेला दवाखाना यांचा उल्लेख करण्यास हरकत नाही. मग त्या प्रार्थनेस उत्तर देणारे लोक घरी जाऊन स्वस्थ बसू शकणार नाहीत.

चौथी, आपल्या शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातील एक तास अक्षरशत्रू वृद्धांस द्यावा. निवृत्तिवेतनाचा अर्ज, रुग्णालयातील चिठ्ठी, आधारपत्रातील चुकलेले नाव अशा कामांसाठी म्हातारी माणसे दिवसचे दिवस रांगेत उभी असतात. तरुण देवळात येत नाहीत अशी आपली तक्रार असते. त्यांस देवळातून काम देऊन पाठविले तर कदाचित ते अधिक येतील.

यांपैकी एकाही गोष्टीस मोठा निधी लागत नाही किंवा वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. लागते ती चिकाटी. पहिल्या महिन्यात उत्साह असेल, तिसऱ्या महिन्यात दोघे-तिघे उरतील. त्या दोघा-तिघांनी धीर सोडू नये. पिठात खमीर थोडेच असते. जुन्या निरोपास भाविकांचे जे उत्तर होते, ते देवाच्या आभाराचे होते आणि आजही तसेच आहे. ते आभार उपासना एकदाची संपली म्हणून खचित नव्हेत. देवाने आपणांस त्याच्या कामास लावण्याजोगे मानले, याबद्दल ते आहेत. येत्या रविवारी ते उत्तर देताना आपल्या गल्लीतील एका घराचे नाव मनात धरावे आणि दुपारच्या जेवणापूर्वी तेथे जाऊन यावे.

प्रभू आपणां सर्वांस त्यासाठी बळ देवो.